वीज तोडायची, पण कोणाच्या सहीने?

स्मार्ट मीटरवरचा गोव्यातला वाद सध्या दोन वाक्यांत गुंडाळला गेला आहे. विरोधक म्हणतात, हे मीटर पळतात आणि लाईट बिल दुप्पट येते. समर्थक म्हणतात, मोबाईलला रिचार्ज मारता, मग विजेला मारायला काय झाले? दोघेही मीटरकडे बोट दाखवून भांडतात आणि मीटरच्या मागे जे बदलणार आहे त्याची चर्चाच होत नाही. स्मार्ट मीटर हे यंत्र आहे. प्रीपेड हा व्यवहार आहे. यंत्राला माझी हरकत नाही. व्यवहार मात्र ग्राहकाच्या लेखी संमतीशिवाय बदलता कामा नये, आणि जुनी थकबाकी रिचार्जमधून कापून घेण्यासाठी तर प्रीपेड अजिबात वापरू नये, असे माझे म्हणणे आहे.

पळणाऱ्या मीटरचा मुद्दा आधी हातावेगळा करू, कारण त्यात अर्धे सत्य आहे. जुना चकतीचा मीटर वयोमानाने मंदावतो. सेट-टॉप बॉक्स, वायफायचा राऊटर, देवापुढचा झिरोचा बल्ब यांची वीज त्याच्या खिजगणतीतही नसते. नवा मीटर ती मोजतो, बिल वाढते, आणि तरीही मीटर बरोबर असू शकतो. शंका असेल तर घरबसल्या ताडून पाहता येते. बऱ्याच मीटरवर ३२०० इम्पल्स प्रति युनिट असे छापलेले असते. म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातले सगळे बंद करा आणि पाणी तापवायचा १००० वॅटचा रॉड बादलीत बुडवून लावा. दिवा मिनिटाला साधारण ५३ वेळा लुकलुकायला हवा. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज २३० वरून २१० वर उतरले असेल तर रॉडच कमी वीज खेचतो आणि आकडा ४४ च्या आसपास येतो. म्हणून मीटरच्या पडद्यावरचे व्होल्टेज आधी टिपून ठेवावे. याहून बराच जास्त आकडा आला, तर तक्रारीला खरा आधार मिळाला.

आमच्याकडच्या जुन्या घरांत गोम बहुधा दुसरीकडेच असते. भावाभावांत वाटणी झालेली असते, पडवीत दोन मीटर लागलेले असतात, पण आतले वायरिंग आजोबांच्या काळचे आणि न्यूट्रल, म्हणजे वीज परतण्याची तार, दोघांत एकच. आपले सिंगल फेज मीटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांतला प्रवाह मोजतात आणि त्यांतला जो जास्त असेल तो बिलाला धरतात. चोरी पकडण्यासाठी केलेली ही सोय आहे. पण धाकट्याच्या फ्रीजचा प्रवाह थोरल्याच्या न्यूट्रलवरून परतला, तर धाकट्याने वापरलेली वीज थोरल्याच्याही बिलात चढते. आपला मेन स्विच पाडूनही दिवा लुकलुकत राहिला, तर संशय इथेच घ्यावा. परवानाधारक वायरमनकडून न्यूट्रल वेगळे करून घ्यावेत, दोन्ही तारा तोडणारा डबल पोल मेन आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. पावसाळ्यात ओल्या भिंतीतून जमिनीत झिरपणारा प्रवाहही त्याने पकडला जातो. मीटर दहा वेळा बदलला तरी हा दोष जाणार नाही.

आणि मीटरवरच विश्वास नसेल, तर २०२४ च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत उपाय आहे: रीडिंगबद्दल तक्रार आल्यापासून पाच दिवसांत वितरकाने जोडीला तपासणी मीटर लावायचा आणि किमान तीन महिने दोन्हींचे आकडे ताडून पाहायचे. २०२३ च्या दुरुस्तीनुसार स्मार्ट मीटरने नोंदवलेली कमाल मागणी, म्हणजे एका वेळी खेचलेला सर्वांत जास्त भार, मीटर बसण्याआधीच्या काळाला लावून दंड करता येत नाही. मंजूर भार वाढवायचा तर वर्षात किमान तीनदा तो ओलांडला गेलेला असावा लागतो, आणि त्या तिन्हींतला सर्वांत कमी आकडा धरावा लागतो. मोजणीच्या बाबतीत ग्राहक वाटतो तितका निराधार नाही. तो निराधार होतो तो पैशांच्या बाबतीत.

प्रीपेडच्या बाजूने जे सांगितले जाते त्यातले सगळेच हसण्यावारी नेण्यासारखे नाही. उधारी साचत नाही, हा पहिला आणि वजनदार मुद्दा. साठ हजारांचे बिल थकल्यावर वायर कापण्यापेक्षा सहाशे रुपयांवरच माणूस सावध झाला तर त्याचेच भले. दुसरा, अनामत रकमेचा: वीज कायदा २००३ च्या कलम ४७(५) प्रमाणे प्रीपेड मीटर घ्यायला जो तयार आहे त्याच्याकडून अनामत मागता येत नाही. तिसरा मुद्दा गोव्याला विशेष लागू पडतो. वास्को, म्हापसा, मडगावच्या आसपास खोल्या भाड्याने देणाऱ्याला भाडेकरू रातोरात निघून गेल्याचा अनुभव असतो. बिल मालकाच्या नावावर राहते. प्रीपेडने ती डोकेदुखी संपते. उत्तर आयर्लंडमध्ये तर निम्म्याच्या आसपास घरे आपखुशीने कीपॅडचा प्रीपेड मीटर वापरतात, त्यांना दरात सवलत मिळते आणि रात्री किंवा शनिवार-रविवारी शिल्लक संपली तरी वीज जात नाही. शेवटचा मुद्दा न्यायाचा आहे: जो भरत नाही त्याचा बोजा शेवटी भरणाऱ्यावरच पडतो. हे सगळे मान्य करूनच पुढे बोलायला हवे.

तरीही विरोध का? कारण आज वीज तोडणे ही कोणीतरी केलेली कृती आहे. वीज कायद्याचे कलम ५६ म्हणते, बिल थकले तर आधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्या. त्या कागदावर तारीख असते, रक्कम असते, सही असते. ग्राहकाला रक्कम मान्य नसेल तर त्याने मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, दोन्हींतली जी कमी असेल ती हरकत राखून भरावी. वाद मिटेपर्यंत त्याची वीज तोडता येत नाही. जी रक्कम दोन वर्षांहून जुनी आहे आणि मधल्या बिलांत सलग थकबाकी म्हणून दाखवलेली नाही, तिच्यासाठीही तोडता येत नाही. २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चूक उशिरा सापडली तर वितरकाने जादा मागणी जरूर करावी, पण मुदत उलटलेल्या रकमेसाठी वीज तोडण्याचा बडगा उगारू नये. आता हीच रक्कम प्रीपेड खात्यात 'मागील बाकी' म्हणून टाकली आणि रोज थोडी थोडी कापली, तर काय होते? नोटीस नाही, हरकत राखून भरण्याची संधी नाही, मुदतीचा प्रश्नच नाही. शिल्लक शून्य झाली, वीज गेली. 'आम्ही कुठे तोडली? तुम्ही रिचार्ज केला नाही,' हे उत्तर तयार असते.

गोव्यातल्या वाचकाला हा फरक समजायला परदेशात जावे लागत नाही. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारा. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने काय केले? भाटकाराची सगळी जमीन त्याच्याकडून हिरावून घेतली नाही आणि मुंडकाराला कधीच काढता येणार नाही असेही म्हटले नाही. काढायचे असेल तर मामलेदारासमोर जा, कारण दाखवा, समोरच्याचे ऐकून घेतले जाऊ दे, असे मुळात सांगितले. पिढ्यान्‌पिढ्या भाटकाराच्या मर्जीवर राहिलेल्या माणसाला त्या प्रक्रियेनेच पाय रोवून उभे राहता आले. पंधरा दिवसांची नोटीस ही त्याच जातकुळीची आहे. ती वेळखाऊ आहे म्हणून कटकट वाटते. पण तिचा उपयोगच मुळी वेळ देण्यासाठी आहे.

यंत्रणा कशी चालते तेही पाहिले पाहिजे. आपल्याकडच्या स्मार्ट मीटर योजनेत शिल्लक बहुतेक मीटरमध्ये मोजली जात नाही, ती सर्व्हरवर मोजली जाते. शिल्लक संपली की तिथून आदेश येतो आणि मीटरच्या पोटातला रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा स्विच, उघडतो. पैसे भरल्यावर पुन्हा आदेश यावा लागतो. दोन्ही वेळा मोबाईलची रेंज किंवा मीटरांचे आपसातले रेडिओ जाळे शाबूत हवे. नेत्रावळीत, सत्तरीच्या आतल्या वाड्यांवर आषाढात रेंज कशी असते हे कोणाला सांगायला नको. रेशन दुकानात अंगठा लागत नाही म्हणून परत पाठवलेल्या म्हाताऱ्या बायकांनी हा धडा आपल्याला आधीच दिला आहे. चूक उलट्या दिशेनेही होते: १२ ऑगस्ट २०२० रोजी, ऐन जन्माष्टमीला, उत्तर प्रदेशात लाखाहून अधिक घरांची वीज स्मार्ट मीटरला गेलेल्या चुकीच्या आदेशाने गेली. त्यात बिल नियमित भरणारेही होते. चवथीच्या रात्री आपल्याकडे असे झाले तर लाईनमनला शिव्या पडतील, आणि त्या बिचाऱ्याच्या हातात तर काहीच नसेल. आणखी एक गोष्ट. स्मार्ट मीटर एकदा भिंतीवर बसला की पोस्टपेडचा प्रीपेड करायला कोणी घरी यावे लागत नाही, सर्व्हरवर एक खूण बदलली की झाले. म्हणूनच 'तूर्त पोस्टपेडच आहे' या आश्वासनाने समाधान मानू नये. संमतीची अट नियमात लिहून घ्यावी.

थकबाकी रिचार्जमधून कापण्याचा हिशेब कागदावर मांडून पाहा. समजा एका घराची १२,००० रुपये बाकी आहे आणि ती बारा महिन्यांत फेडायची ठरली. महिन्याला हजार, दिवसाला ३३ रुपये. रोजचा वापर २५ रुपयांचा. एरवी २०० रुपयांचा रिचार्ज आठ दिवस चालला असता. आता साडेतीन दिवसही चालत नाही. मग ते घर काय करते? गुरुवारी संपलेली शिल्लक शनिवारी मजुरी हातात आल्यावर भरते. मधले दोन दिवस अंधारात काढते. या दोन दिवसांची नोंद कुठे होते? वीज खात्याच्या लेखी थकबाकी कमी होते आहे, वसुली उत्तम आहे, कोणाचीही वीज तोडलेली नाही. पूर्वी तोडलेल्या कनेक्शनांची यादी तरी असे, विधानसभेत प्रश्न विचारता येई. प्रीपेडमध्ये गरिबाने स्वतःच स्वतःची वीज बंद केलेली असते, निदान कागदोपत्री.

इंग्लंडचे उदाहरण इथे नीट वाचण्यासारखे आहे, कारण त्यात दोन्ही बाजूंना आधार मिळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या गॅस कंपन्यांनी पेनी टाकून चालणारे मीटर आणले आणि ज्या कामगारांना एरवी गॅसची जोडणी मिळालीच नसती त्यांच्या स्वयंपाकघरात गॅस पोहोचला. प्रीपेडने गरिबाचे भलेच केले. शंभर वर्षांनी तोच मीटर कर्जवसुलीचे साधन झाला. २०२२ च्या दरवाढीनंतर वसुलीवाले वॉरंट घेऊन घरात शिरून प्रीपेड मीटर बसवू लागले, स्मार्ट मीटर दुरून प्रीपेड केले जाऊ लागले. त्यात अपंग आणि तान्ह्या मुलांची घरेही सापडल्याचे उघड झाल्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये नियामकाला हे सक्तीचे काम थांबवायला लावावे लागले. नंतरच्या नियमांनुसार एकटी राहणारी ७५ वर्षांवरची माणसे, दोन वर्षांखालची मुले असलेली घरे आणि विजेवर चालणारी वैद्यकीय उपकरणे वापरणारे रुग्ण यांना सक्तीतून वगळले. बाकीच्यांकडेही मीटर बदलण्याआधी किमान दहा वेळा संपर्काचा प्रयत्न आणि प्रत्यक्ष घरभेट आवश्यक केली. मुक्त बाजाराचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या देशाला जे ठोकर खाऊन लिहावे लागले, ते आपण आधीच लिहून ठेवायला काय हरकत आहे? न्यूझीलंडने तर याहून मोठी किंमत मोजली: मे २००७ मध्ये ऑकलंडला १६८ डॉलरच्या थकबाकीसाठी एका घराची वीज तोडली आणि ऑक्सिजनच्या यंत्रावर असलेली ४४ वर्षांची शिक्षिका काही तासांत दगावली. तिथे तोडायला निदान माणूस आला होता. सर्व्हरला घरातले यंत्र दिसत नाही.

मग थकबाकी बुडवायची का? मुळीच नाही. पण थकबाकी म्हणजे सगळी एका जातीची असे समजून चालत नाही. पोर्तुगालला किंवा लंडनला गेलेल्यांच्या बंद घरांचे सरासरी बिल महिनोन्‌महिने येत राहते. वारलेल्या आजोबांच्या नावावरचे कनेक्शन असते आणि वारसांत कोण भरणार यावर भांडण असते. काही ठिकाणी रीडिंगच झालेले नसते. २०२० च्या टाळेबंदीनंतर अनेक महिन्यांची बिले एकत्र आली तेव्हा गोवाभर झालेला गलका आठवत असेल. अशा वेळी पाहायचे ते स्लॅबचे. तीन महिन्यांत २७० युनिट वापरले तर महिन्याला ९० पडतात आणि सगळे पहिल्या, १०० युनिटांपर्यंतच्या स्वस्त टप्प्यात बसतात. तेच २७० एका महिन्याचे म्हणून लावले तर १७० युनिट वरच्या दराने आकारले जातात. आणि खरी अडचणीतली घरे उरतातच: २०१२ आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्यावर उत्पन्न आटलेली, जून-जुलैच्या मासेमारीबंदीत हात बांधलेली, गृह आधार या सरकारी मदतीच्या १५०० रुपयांची वाट पाहणारी. पहिल्या तिन्हींना दुरुस्ती हवी, शेवटच्यांना हप्ते. प्रीपेड या सगळ्यांना एकच औषध पाजतो.

ज्याच्या घरी मोठे बिल येऊन पडले आहे त्याने उपविभागाच्या साहाय्यक अभियंत्याकडे आपल्या खात्याचा महिनावार उतारा लेखी मागावा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यावा. उताऱ्यात मूळ रक्कम किती, विलंब आकार किती, आणि कोणत्या महिन्यांचे रीडिंग प्रत्यक्ष घेतले, कोणते सरासरीने लावले, हे वेगळे काढावे. वाद नसलेली रक्कम ताबडतोब भरावी, म्हणजे विलंब आकार तेवढ्यापुरता थांबतो. उरलेल्यासाठी हप्त्यांचा अर्ज करावा आणि चालू बिल कधीही थकवू नये. हप्ते बहुधा तिथेच मोडतात. तरीही दाद लागली नाही तर कलम ४२(५) खालचा ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे. सरकारच्या एकरकमी तडजोड योजनांवर मात्र माझा फारसा विश्वास नाही. विलंब आकार माफ करणारी योजना अधूनमधून येते, आणि ज्याने पोटाला चिमटा काढून वेळेत भरले तो मूर्ख ठरतो. कायमचा हप्त्यांचा नियम अशा दहा योजनांपेक्षा बरा.

वसुलीचा उत्साहच असेल तर सुरुवात सरकारी कार्यालयांपासून करावी. मीटरसाठी केंद्राचे अनुदान ज्या आरडीएसएस योजनेतून येते, तिच्या अटींतच सरकारी खात्यांनी आपली बिले भरण्याचे कलम आहे, आणि केंद्राने आपल्या कार्यालयांना प्रीपेडसाठी आगाऊ पैसे भरण्याची मुभा २०२१ मध्येच दिली. एखाद्या कार्यालयाची शिल्लक संपून एसी बंद पडला तर कोणाचे मूल अंधारात अभ्यास करत नाही. खोल्या भाड्याने देणाऱ्यांचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे: कलम ४३ प्रमाणे मालकच नव्हे, राहणारासुद्धा कनेक्शन मागू शकतो. भाडेकरूच्या नावाने, त्याच्या संमतीने प्रीपेड मीटर लावावा. सब-मीटर लावून खात्याच्या दराच्या दुपटीने युनिट विकण्याचा धंदाही त्यामुळे आपोआप थंडावेल.

आणि ज्यांनी आपखुशीने प्रीपेड घेतला त्यांच्यासाठीही शून्यावर सगळा काळोख करण्याची गरज नाही. स्मार्ट मीटरला भार मर्यादित करता येतो. शिल्लक संपल्यावर ३०० वॅटपर्यंत वीज चालू ठेवली तर तीन दिवे, एक पंखा, मोबाईलचे चार्जिंग आणि लहान फ्रीज भागतो. गीझर, एसी बंद राहतात. फ्रीज सुरू होताना क्षणभर जास्त प्रवाह ओढतो, म्हणून मर्यादा क्षणाच्या आकड्यावर न लावता काही मिनिटांच्या सरासरीवर लावावी लागेल. दक्षिण आफ्रिकेने प्रीपेड मीटरचा सर्रास वापर केला, पण २००३ पासून गरीब घरांना महिन्याला ५० युनिट मोफत देण्याचे धोरणही आणले. गोव्याने २०२१ मध्ये १६ घनमीटरपर्यंतचे पाण्याचे बिल शून्य केले होते; एका घराला किमान किती लागते याचा विचार या राज्याला परका नाही.

हे सगळे ठरते कुठे? विधानसभेतल्या गदारोळात नाही. ते ठरते गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांसाठीच्या संयुक्त वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेत, म्हणजे वीजपुरवठ्याच्या नियमावलीत. आयोगाचे कार्यालय गुरुग्रामला आहे, पण दराच्या अर्जावर सुनावणी घ्यायला तो गोव्यात येतो. तिथे हरकत लेखी देता येते, वकील लागत नाही. फलक घेऊन मीटर परत पाठवणाऱ्यांनी त्या खोलीत जाऊन चार कलमे मागावीत: प्रीपेड लेखी संमतीनेच आणि मागितल्यावर पुन्हा पोस्टपेड, जुनी बाकी रिचार्जमधून न कापता वेगळ्या हप्त्याने, रात्री, सुट्टीला आणि आजारी माणसाच्या घरी वीज तोडायची नाही, आणि किती प्रीपेड घरे चोवीस तासांहून जास्त काळ शून्य शिलकीवर राहिली, तो आकडा दर महिन्याला उपविभागवार जाहीर. चौथे कलम सर्वांत कमी खर्चाचे आहे, कारण तो आकडा सर्व्हरवर आधीच असतो. सर्वांत जास्त विरोध त्यालाच होईल असा माझा अंदाज आहे.